परक्या गावात शिकवायला गेलेली मुले

हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना परमुलूख नवा नाही. आपली वडीलधारी माणसे नोकरीसाठी, वकिलीसाठी, व्यापारासाठी इथे आली. कचेरीसाठी उर्दू शिकली, बाजारासाठी तेलुगू शिकली आणि घरात मराठी राखली. पण पोटासाठी जाणे निराळे आणि शिकवण्यासाठी जाणे निराळे. विशी-पंचविशीतल्या मुलांनी दोन वर्षांसाठी परदेशात जायचे, तिथल्या मुलांना शिकवायचे आणि परत यायचे, ही रीत गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जगभर ओळखीची झाली. तिचा इतिहास आपण पाहावा असा आहे, कारण त्याच काळातला एक धागा थेट आपल्या जांबागेपर्यंत येतो.

१४ ऑक्टोबर १९६०. पहाटेचे दोन वाजले होते. अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोहोचले, तेव्हा हजारो विद्यार्थी त्यांची वाट पाहत जागे होते. केनेडींनी त्यांना साधासा प्रश्न केला. तुमच्यापैकी किती जण डॉक्टर किंवा तंत्रज्ञ होऊन घानासारख्या देशात काही वर्षे काम करायला तयार आहेत? विद्यार्थ्यांनी हा प्रश्न मनावर घेतला, सह्या गोळा केल्या, पत्रे लिहिली. निवडून आल्यावर १ मार्च १९६१ रोजी केनेडींनी ‘पीस कोअर’ स्थापन करण्याचा आदेश काढला आणि ती संस्था आपले मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्या हाती सोपवली. यात नुसती परोपकाराची भावना होती असे नाही. रशियाशी शीतयुद्ध चालू होते आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची मने जिंकणे हाही हिशेब होताच.

पहिली तुकडी त्याच वर्षी ३० ऑगस्टला घानाची राजधानी अक्रा येथे उतरली. ही सुमारे पन्नास तरुण मंडळी माध्यमिक शाळांत शिकवायला आली होती. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला होता, शाळा भराभर उघडत होत्या आणि शिक्षक अपुरे पडत होते. म्हणजे बोलावणे यजमानांचे होते आणि गरजही त्यांचीच होती. विमानतळावर या मुलांनी ट्वी भाषेत एक गाणे म्हटले. उच्चार कसेही असोत, पण पाहुण्याने आल्या आल्या आपल्या भाषेत तोंड उघडले, याचे अप्रूप घानावासीयांना वाटले. त्याचे मोल परमुलखात राहिलेल्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

दीड महिन्यातच उलटा अनुभव आला. नायजेरियात इबादानच्या विद्यापीठ महाविद्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या एका स्वयंसेविकेने मायदेशी धाडण्यासाठी एक पोस्टकार्ड लिहिले. इथले लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, राहणीमान अगदी मागासलेले आहे, असा त्यातला मजकूर. ते पोस्टकार्ड टपालात पडण्याआधीच एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याच्या प्रती वसतिगृहांत फिरल्या, निषेधाच्या सभा झाल्या. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालेल्या देशाला तो अपमान झोंबला. त्या तरुणीने क्षमा मागितली आणि ती मायदेशी परतली. बाकीचे मात्र राहिले आणि पुढे शेकडो स्वयंसेवकांनी नायजेरियातील शाळांत शिकवले. तिने लिहिलेले कदाचित डोळ्यांनी पाहिलेलेच असेल. पण ज्यांच्या घरी शिकवायला जायचे, त्यांच्याकडे वरून पाहिले की शिकवणे तिथेच संपते.

भारताची कथा याहून वेगळी आहे. श्रायव्हर १९६१ मध्ये पंडित नेहरूंना भेटले. ही मुले इथे येऊन पुष्कळ शिकतील, पण ती परत जातील तेव्हा पंजाब साधारण पूर्वीसारखाच दिसला तर त्यांनी निराश होऊ नये, अशा अर्थाचे नेहरू त्यांना हसत म्हणाल्याचे सांगतात. त्या डिसेंबरात पहिली तुकडी पंजाबातच गेली. १९७६ मध्ये हा कार्यक्रम भारतात थांबला, तोवर चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले होते. सगळेच तरुण होते असेही नाही. १९६६ साली मुंबईजवळच्या विक्रोळीत आलेल्या परिचारिका लिलियन कार्टर तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

नेहरूंच्या बोलण्यात थट्टा होती तसे तथ्यही होते. दोन वर्षे ही मुदत अडचणीची आहे. पहिले वर्ष भाषा आणि माणसे समजण्यात जाते, दुसऱ्यात काम हाताशी येते, आणि तेवढ्यात परतीची तारीख येते. मागे राहते ती शाळा आणि तिचे नेहमीचे शिक्षक. परतलेल्या मुलांना मात्र या दोन वर्षांनी जन्मभराची दृष्टी दिली. अमेरिकेतील विद्यापीठांत दक्षिण आशियाचा अभ्यास करणाऱ्या कित्येकांची सुरुवात अशीच झाली. हिशेब मांडला तर देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची बाजू जड, आणि या हिशेबात घेणारा म्हणजे स्वयंसेवकच.

मुदत ओलांडून राहिलेल्या माणसाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. त्याच १९६१ साली मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन तरुणी, पीस कोअरमधून नव्हे, स्वतंत्रपणे, हैदराबादेत आली आणि आपल्या विवेकवर्धिनीत इंग्रजी शिकवू लागली. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने वाढवलेली ही संस्था १९०७ पासून उभी आहे. दोन वर्षे शिकवून मॅक्सीनताई परतल्या. त्यांनी भाषाविज्ञान घेतले, १९६६ मध्ये अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यातील फलटणला आल्या आणि फलटणकरच झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले.

त्यांचा विषय होता फलटणची मराठी बोली. जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे ती कशी बदलते, हे त्या घरोघरी ऐकत होत्या. घरी ‘पानी’ म्हणणारे पोर शाळेत आले की पुस्तकातल्या ‘पाणी’ने गांगरते आणि मास्तर त्याला मठ्ठ ठरवतात. मूल मठ्ठ नसते, त्याची भाषा वर्गात आलेलीच नसते. वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. ज्यांच्या नावाने ही शाळा आहे, त्या कमलाताईही जन्माने अमेरिकनच. आधी ऐकायचे, मग शिकवायचे, आणि गावातलेच शिक्षक तयार करायचे, या क्रमाने काम झाले म्हणून ते टिकले.

आज आपली मुले परदेशी जातात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आई-वडील आणि तरुण स्वयंसेवक आठवड्याच्या सुट्टीत चालवतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण इथे, या शहरात, आपल्या घरांत काय चालले आहे? नातवंडे आरती तोंडपाठ म्हणतात, आजीशी मराठीत बोलतात, आणि पाटी पुढे केली की अडखळतात. त्यांच्या मराठीत तेलुगू येते, दख्खनी येते, इंग्रजी येते. त्यावर आपण हसलो तर इबादानचे पोस्टकार्ड आपणच लिहिल्यासारखे होईल. त्यांच्या याच बोलीपासून सुरुवात करून त्यांना वाचनापर्यंत न्यावे लागेल.

परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या तरुणांपुढे म्हणून एक विनंती ठेवतो. विमानात बसण्यापूर्वीचे एक वर्ष, आठवड्यातून एक संध्याकाळ, आपल्याच गल्लीतल्या चार मुलांना द्या. आणि निघताना आपल्या जागी कोण बसणार, हे ठरवून जा. पुढच्या वर्षीची स्मरणिका घरोघरी पोहोचेल, तेव्हा ती उघडून एखादे पान मोठ्याने वाचणारे घरातले सर्वांत धाकटे मूल असावे, एवढीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.