शिक्कामोर्तबापासून अपोस्टिलपर्यंत

लग्न ठरलं की आपण म्हणतो, "शिक्कामोर्तब झालं." हा शब्द आला जुन्या राजपत्रांतून. शिवाजी महाराजांच्या काळातलं पत्र पाहिलं, तर वरच्या बाजूला राजाचा शिक्का असतो आणि मजकूर संपतो तिथे छोटी मुद्रा असते. ती मोर्तब. मोर्तबाच्या खाली कुणाला एक ओळही वाढवता येऊ नये, यासाठी ती. पाटलाला, देशमुखाला तो शिक्का ओळखीचा असायचा, म्हणून त्या कागदाला मान होता.

पण शिक्का ओळखणारी माणसं संपली, की कागदाचा मानही संपतो. आपल्या ग्रामसेवकाची सही तालुक्यात ओळखतील. मस्कतच्या साहेबाला ती कशी ठाऊक असणार? आज याच अडचणीचा इतिहास सांगणार आहे.

आधी आमच्या गटातली गोष्ट. एका वहिनीचे मालक मस्कतला नोकरीला. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत असतं तसंच. त्यांनी बायको आणि दोन मुलांना तिकडे न्यायचं ठरवलं. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्माचे दाखले "अटेस्ट" करून पाठव, असा निरोप आला. वहिनी एका एजंटकडे गेली. त्याने तीन कागदांचे बारा हजार सांगितले. ती गटाकडे कर्ज मागायला आली, तेव्हा मी म्हटलं, आधी कागद तर बघू.

असे कागद परदेशी न्यायची जुनी रीत साखळीची होती. गावच्या सहीवर राज्य सरकारचा अधिकारी सही करी. त्याच्या सहीवर दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, त्यावर ज्या देशात जायचं त्या देशाचा वकिलातीतला अधिकारी, आणि कित्येकदा तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्याची सही खरी आहे एवढंच सांगायचा. कागद एक आणि हेलपाटे पाच. जगभर हीच तऱ्हा होती.

ही साखळी तोडली गेली नेदरलँड्समधल्या हेग शहरात. कुलभूषण जाधवांचा खटला जिथे चालला, तेच हे हेग. तिथे टोबियास ॲसर नावाच्या कायदेपंडिताच्या पुढाकाराने १८९३ साली देशोदेशीचे प्रतिनिधी जमले. एका देशातलं लग्न, वारसा, कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात कसे चालावेत, यावर तिथे बोलणं सुरू झालं. या कामासाठी ॲसर यांना १९११ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच परिषदेत पुढे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला. साखळी बंद, त्याऐवजी एकच दाखला. त्याचं नाव अपोस्टिल. फ्रेंच भाषेत याचा अर्थ समासात लिहिलेली टीप. हा करार २४ जानेवारी १९६५ पासून लागू झाला.

अपोस्टिल म्हणजे चौकोनी दाखला, प्रत्येक बाजू निदान ९ सेंटिमीटर. त्यात १० क्रमांक असतात: देश कोणता, सही कुणाची, कोणत्या हुद्द्याने केली, शिक्का कुणाचा, कुठे, कधी, कोणी दिला, नोंद क्रमांक वगैरे. देणाऱ्या कार्यालयाने त्याची नोंदवही ठेवायची. परक्या देशातल्या साहेबाला शंका आली, तर त्याने तो क्रमांक पडताळून घ्यायचा. पूर्वी शिक्का ओळखणारा माणूस लागायचा, आता ते काम नोंदवहीने केलं.

आपला भारत या करारात आला तो १४ जुलै २००५ पासून. म्हणजे ४० वर्षं आपली माणसं जुन्याच वाटेने गेली. आता आपल्याकडे आधी राज्य सरकारच्या ठरलेल्या विभागाची सही आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, एवढंच. २०१९ पासून हे काम मुंबईत आणि पणजीतही होतं. कागद मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रांमार्फत द्यायचे. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, केंद्राचा आकार वेगळा. हा आकडा ठाऊक असला, की बारा हजारांचा भाव ऐकून आपण निदान विचारू तरी शकतो.

आज १२० हून जास्त देश या करारात आहेत. आखातात मात्र सगळं सारखं नाही. ओमान २०१२ पासून आहे, सौदी अरेबिया २०२२ पासून. दुबई ज्या अमिरातीत येते ती, कतार आणि कुवेत अजून बाहेर. तिथे जुनी वकिलातीची वाटच लागते. म्हणून आधी देश विचारायचा, मग पैसे काढायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अपोस्टिल फक्त सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. कागदात लिहिलेलं बरोबर आहे, असं ते सांगत नाही. नाव चुकलं असेल, तर चुकीच्याच नावावर शिक्का बसतो.

वहिनीचे कागद बघितले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण नोंदच केलेली नव्हती. पत्रिका होती, फोटो होते, दाखला नाही. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना मोकळा. एजंटने काय केलं असतं? जे नाहीच, त्यावर शिक्का मारणार कसा?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. लग्न नोंदणीचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं. गावात या नोंदी ग्रामपंचायतीतच होतात. तरी आपण म्हणतो, "लागेल तेव्हा बघू." नवरा वारला, वाटणी आली, परदेशी जायचं झालं, की तेव्हा लागतंच. आणि तेव्हा वेळ नसतो.

वहिनीने साक्षीदार जमवून लग्न नोंदवलं, धाकट्याचं नाव घातलं, नवे दाखले घेतले आणि मगच ते मुंबईला नेले. यात चार महिने गेले. ती मस्कतला पोचली, पण थोरल्याचं शाळेचं वर्ष बुडालं. गावातलंच काम नऊ वर्षं राहिलं होतं, त्याची किंमत पोराने दिली.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर आपला लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन या. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि हे कागद शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवूया. जिचं लग्न नोंदवलेलं नाही, तिचं नाव वहीत लिहूया आणि दोघी-तिघी मिळून तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत जाऊया.

येते मी. नमस्कार.