ग्राहकागणिक वेब होस्टिंग : जागा भाड्याची, नाव मात्र मालकाचे

संकेतस्थळाच्या फाइली, माहितीसाठा आणि ई-मेल ज्या अखंड चालू असलेल्या संगणकावर ठेवले जातात त्यास सर्व्हर म्हणतात, आणि ही जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास वेब होस्टिंग. ठरावीक योजना सर्वांसाठी सारखी असते. ग्राहकागणिक योजनेत मात्र जागा, संगणनक्षमता, ई-मेल खाती, प्रतिलिपी आणि देखभाल यांचे प्रमाण त्या ग्राहकाच्या गरजेनुसार ठरते.

हा व्यवसाय करण्यासाठी स्वतःचा सर्व्हर असावा लागत नाही. मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेऊन ती किरकोळीने विकणाऱ्यास ‘रीसेलर’ म्हणतात. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘डायरेक्टी’ समूहाने ‘रीसेलरक्लब’द्वारे अशा विक्रेत्यांचे मोठे जाळे उभारले. त्यामुळे लहान गावातील एखादा तरुणही पंचक्रोशीतील दुकाने, शाळा आणि पतसंस्था यांना ही सेवा पुरवू शकतो.

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील मेहकर हे असेच एक गाव. (बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर वेगळे.) १९५६ पर्यंत बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा तेथे शेजारी नांदतात. अशा परिसरातील संस्थेचे संकेतस्थळ तिन्ही लिप्यांत हवे असल्यास माहितीसाठा प्रारंभापासून युनिकोडमध्ये असावा लागतो, आणि उर्दूसाठी उजवीकडून डावीकडे वाचता येणारी मांडणी करावी लागते. गोव्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी एकत्र वापरणाऱ्या संस्थांनाही पहिली अट तितकीच लागू आहे.

योजना आखताना साधे गणित उपयोगी पडते. एका पानाचे वजन २ एमबी आणि महिन्याला ५,००० पाने पाहिली जात असतील, तर सुमारे १० जीबी माहितीची वाहतूक होते. दुकानाला तेवढे पुरते. शाळेची एकूण वाहतूक तेवढीच असली, तरी निकालाच्या दिवशी सारे पालक एकाच तासात येतात. तिला जागेपेक्षा संगणनक्षमता अधिक लागते. गोव्यातील अतिथिगृहाची निकड पर्यटन हंगामापुरती असते. अशा ग्राहकास हंगामात क्षमता वाढवून नंतर ती कमी करण्याची मुभा देणे हाच योजनेचा खरा लाभ.

दर ठरविताना पुरवठादाराचा खर्च बदलू शकतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. सर्व्हर हाताळण्याची लोकप्रिय प्रणाली ‘सीपॅनेल’ हिने २०१९ मध्ये सर्व्हरमागे आकारणी सोडून खात्यांच्या संख्येनुसार आकारणी सुरू केली. एका सर्व्हरवर अनेक लहान ग्राहक ठेवणाऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला. म्हणूनच नूतनीकरणाचा दर करारात आधीच नमूद असणे उभयपक्षी हिताचे.

व्यवस्थापनात सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती प्रतिलिपी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीच्या केंद्रास आग लागली. ज्या ग्राहकांनी अन्यत्र प्रतिलिपी ठेवली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांची माहिती कायमची गेली. प्रतिलिपी निराळ्या शहरात असावी, आणि ती पुन्हा उभी करून पाहण्याचा सराव अधूनमधून व्हावा. ‘९९.९ टक्के सेवा’ या हमीचाही अर्थ समजून घ्यावा: त्या हमीत वर्षाला पावणेनऊ तासांपर्यंतचा खंड बसतो.

याहून गंभीर प्रश्न नावाच्या मालकीचा आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, अनेकदा विक्रेता स्वतःच्याच खात्यात नोंदवतो. भारतातील ‘नेट४इंडिया’ ही नोंदणी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे तिच्या असंख्य ग्राहकांना नावांचे नूतनीकरण वा हस्तांतरण करणे दुरापास्त झाले. अखेरीस ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये तिची मान्यता काढून तिच्याकडील नावे दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे सोपविली. तेथे निदान आयकॅन होती. गावातील विक्रेता आजारी पडला, स्थलांतरित झाला वा रुसला, आणि नाव त्याच्याच नावावर असले, तर ग्राहकाची बाजू फार लंगडी पडते.

कायद्याचेही बंधन आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवावी लागते, सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि आभासी सर्व्हर पुरविणाऱ्यांनी ग्राहकांचा पडताळलेला तपशील सेवा संपल्यानंतरही ५ वर्षे ठेवणे अपेक्षित आहे.

देवनागरीत नाव हवे असणाऱ्यांसाठी २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ उपलब्ध आहे. त्यात मराठी आणि कोकणी या दोहोंचा समावेश आहे. नाव कोणत्याही लिपीत घेतले, तरी करारात चार बाबी लेखी असाव्यात: डोमेन ग्राहकाच्या नावे व त्याच्याच ई-मेलवर नोंदलेले असणे, प्रतिलिपीची वारंवारता, नूतनीकरणाचा दर, आणि सेवा सोडताना सर्व फाइली व हस्तांतरणाचा गुप्त संकेत किती दिवसांत मिळेल याची मुदत. जो विक्रेता ग्राहकाची बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवतो, त्याच्याकडेच ग्राहक निश्चिंतपणे टिकून राहतो.