पडलेल्या माणसाकडे कोण धावतो?

अमेरिकेतील रोडिओमध्ये एक व्यवसाय आहे, ज्याला मराठीत नाव नाही. उसळत्या बैलावरून स्वार खाली पडला की त्याच्या आणि बैलाच्या मध्ये जाऊन उभे राहायचे, बैलाची नजर स्वतःकडे ओढून घ्यायची आणि स्वाराला कुंपणापर्यंत पोहोचण्याइतकी उसंत मिळवून द्यायची, एवढेच या माणसाचे काम. तिकडे त्याला 'बुलफायटर' म्हणतात. स्पेनमधील मातादोरशी या नावामुळे त्याची गल्लत होते, पण याच्या हाती तलवार नसते आणि बैलाला मारणे हा त्याचा हेतूही नसतो. त्याने जिंकावे असे काही नसते. संध्याकाळी सगळे स्वार आपल्या पायांनी चालत घरी गेले, हीच त्याची जीत.

या माणसाविषयी वाचताना आम्हाला भिवंडीच्या आसपासच्या बैलगाडा शर्यती आठवत राहिल्या. भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि अलीकडे गोदामे डोळ्यांसमोर येतात. परंतु या तालुक्याची जुनी ओळख भातशेतीची आहे. कापणी झाली, खाचरे कोरडी पडली, की आगरी-कुणबी गावांतून छकडे बाहेर निघतात. भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल या पट्ट्यात 'बिनजोड' हा शब्द आबालवृद्धांच्या तोंडी आहे. दोन गाड्यांची समोरासमोरची ही लढत, आणि तीत गावाची इभ्रत पणाला लागते. या खेळात बैलाला नाव असते, मालकाला नाव असते, गाडी हाकणाऱ्यालाही कौतुक लाभते. गाडी उलटली तर धावून जाणारा जो कोणी असतो, त्याला मात्र नाव नसते. तिकडे या कामाचा व्यवसाय झाला आणि आपल्याकडे त्याला साधा शब्दही मिळाला नाही, याचे कारण काय असावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम तिकडचा इतिहास पाहू. 'रोडिओ' हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला आहे. वेढणे, घेरून आणणे असा त्याचा मूळ अर्थ. माळावर विखुरलेली गुरे एकत्र करण्याच्या कामातून हा खेळ उभा राहिला. आरंभी त्यात विदूषक असे तो दोन खेळांमधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी. 1920 च्या दशकात रिंगणात 'ब्रह्मा' जातीचे बैल येऊ लागले आणि चित्र पालटले. स्वाराला पाडून घोडा सहसा दूर पळतो. हा बैल वळून पडलेल्या माणसावर चालून येई. तेव्हा सर्वांत जवळ उभा असलेला माणूस म्हणजे विदूषक. हसवण्यासाठी ठेवलेल्या माणसावर जीव वाचवण्याची जबाबदारी अशी येऊन पडली. रंगवलेला चेहरा आणि ढगळ कपडे पुढे अनेक दशके टिकले, काम मात्र पार बदलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टन राज्यातील विक पेथ यांच्यासारख्या माणसांनी विनोद बाजूला ठेवून केवळ संरक्षणालाच आपले कौशल्य मानले आणि विदूषक व रक्षक या दोन भूमिका हळूहळू वेगळ्या झाल्या.

या 'ब्रह्मा' बैलाचे कूळ आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. अमेरिकन ब्राह्मण ही जात भारतीय वशिंडाच्या गुरांपासून घडवली गेली. दक्षिणेकडील उष्मा आणि गोचिडांचा उपद्रव युरोपीय गुरांना सोसत नव्हता, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिकडे भारतीय वळू नेले जाऊ लागले. 1906 साली टेक्ससमधील पीअर्स रँचने भारतातून थेट जनावरे मागवली. या जातीच्या घडणीत कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या, म्हणजे सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर या भागांतल्या 'कृष्णा व्हॅली' गुरांचेही रक्त असल्याचे मानले जाते. आपल्या काळ्या रानात नांगर ओढण्यासाठी जोपासलेल्या जनावराच्या वंशजांपासून परदेशी स्वारांना वाचवण्यासाठी एक नवा व्यवसाय जन्माला यावा, हा इतिहासाचा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

या कामाचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. बैल सरळ रेषेत माणसाहून कितीतरी वेगाने धावतो. पण चार पायांचे जड शरीर त्याला लहान वर्तुळात झटकन वळवता येत नाही. म्हणून रक्षक बैलापासून लांब पळत नाही. तो बैलाच्या खांद्याजवळ राहून आखूड फेऱ्या घेतो. स्वाराचा हात दोरात अडकला आणि तो बैलाच्या अंगाला लोंबकळू लागला, की एकाने बैलाला डोक्याकडून गुंतवायचे आणि दुसऱ्याने बाजूने धावत जाऊन दोराचे टोक ओढायचे. स्वाराचा डाव आठ सेकंदांचा. रक्षकाचे खरे काम त्यानंतर सुरू होते. एवढे करूनही हमी कशाचीच नसते. 30 जुलै 1989 रोजी शायेन येथे लेन फ्रॉस्ट हा तरुण जगज्जेता आपला डाव पूर्ण करून खाली उतरला, आणि बैलाच्या धडकेने तिथेच मरण पावला. छातीला संरक्षक जाकीट घालण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली.

आता आपल्याकडे वळू. बैलाशी झुंज घेणारा पुरुष आपल्या वाङ्मयाला नवा नाही. भागवताच्या दशम स्कंधात नग्नजित राजाचे सात उन्मत्त बैल एकाच वेळी वेसण घालून आवरतो तेव्हाच कृष्णाला सत्या मिळते. तमिळ संघवाङ्मयातील 'कलित्तोगै'मध्ये बैलाला कवेत घेणाऱ्या गोपालकांची वर्णने आहेत, आणि आधुनिक काळात सी. सु. चेल्लप्पा यांनी 'वाडिवासल' या लघुकादंबरीत तोच थरार आणला. मराठीत 1959 साली आलेल्या अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटात वैराची ठिणगी पडते ती गाड्यांच्या शर्यतीतूनच. या साऱ्या कथांत बैल आहे, वीर आहे, वैरी आहे आणि पाहणारी स्त्री आहे. पडलेल्याला उचलणारा कोठेही नाही. वीरकथेला त्याची गरजच वाटली नाही. कारण तीत जो पडतो तो कथेतूनही बाहेर जातो.

पण वाङ्मयाचे हे मौन पुरेसे कारण नव्हे. आम्हाला दिसते ते कारण माणूस आणि जनावर यांच्या नात्यात आहे. रोडिओतील स्वाराला बैल चिठ्ठीने मिळतो. बैल पुरवठादाराचा असतो, उसळण्यासाठीच पैदा केलेला असतो, आणि स्वाराशी त्याची ओळख त्या आठ सेकंदांपुरतीच. दोन अनोळखी जीवांमध्ये तिसऱ्याला उभे करावेच लागते. आपल्याकडचा बैल दावणीचा. निशाण पडेपर्यंत वेसण धरून त्याला थोपवणारे हात घरचे असतात. शर्यत संपल्यावर त्याच्यापुढे धावून कासरा पकडणारी पोरेही भावकीतलीच असतात. बैल त्यांचा आवाज ओळखतो. ज्याने वासरू असल्यापासून वैरण घातली, त्याच्या हाकेने जनावर थांबते, असा भरवसा असतो. संरक्षण हे येथे वेगळे काम नव्हते. ते नात्यातच मुरलेले होते. आणि जे नात्यात मुरते त्याला भाषा सहसा वेगळा शब्द देत नाही.

मात्र या उत्तरावर समाधान मानून थांबणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते नाते आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, भिवंडीत तर खाचरांवरच गोदामे उभी राहिली. शर्यतीचा बैल आता शेतात राबत नाही. तो मोठी किंमत मोजून लांबून आणलेला असतो. दावणीची ओळख विरळ झाली, गर्दी आणि बक्षिसे वाढली, पण रक्षणाची व्यवस्था जुन्या भरवशावरच चालू राहिली. गोव्यातील 'धीरयो' या बैलझुंजीत 1996 साली एका प्रेक्षकाचा बळी गेला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती झुंज बंद करवली. महाराष्ट्रातील शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बंदी आणली. राज्याने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो दुरुस्त कायदा वैध ठरवला. या प्रदीर्घ वादाच्या केंद्रस्थानी बैलाच्या वेदना होत्या, आणि त्या असायलाच हव्या होत्या. पराणी, चाबूक आणि पिरगळलेली शेपूट यांचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येणार नाही. दुसऱ्या बाजूने परंपरा, देशी गोवंश आणि शेतकऱ्याची अस्मिता मांडली गेली. या दोन्ही बाजूंच्या मधल्या जागेत धावणारा माणूस कोणाच्याही युक्तिवादात फारसा आला नाही.

इतिहासलेखनाला हा मुद्दा लागू पडतो, असे आम्हाला वाटते. आपण जिंकणाऱ्याचा इतिहास लिहितो. गेल्या काही दशकांत हरणाऱ्याचा, राबणाऱ्याचाही लिहू लागलो आहोत, हे चांगलेच झाले. पण दुसऱ्याला काही होऊ नये म्हणून ज्यांनी आपले अंग पुढे केले, त्यांच्या कामाची खूण मागे उरत नाही. त्यांचे काम यशस्वी झाले म्हणजे काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही. रोडिओने निदान त्याला नाव आणि मोबदला दिला. तो दिला कारण तिथे नाते नव्हते, हे खरे. आपल्याकडेही ते नाते आता उरत नसेल, तर नाव आणि मोबदला देण्याची वेळ आपल्यावरही आलेली आहे.

भिवंडीच्या बाजूला पुन्हा खाचरे कोरडी पडतील, निशाण पडेल, धुरळा उठेल. आपण सगळे पुढे गेलेल्या गाडीकडे पाहत असू. त्या वेळी क्षणभर मागे, धुरळ्यात कोण धावते आहे तेही पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.