बाजारात वाजणारं लाकूड

प्रवासवर्णन म्हटलं की आपल्या चळवळीतली बरीच पोरं ते पुस्तक बाजूला सारतात. हातात सुट्टी आणि खिशात पैसा असलेल्यांची ती करमणूक, असा समज आहे. तो अगदीच खोटा नाही. पण दरवर्षी चैत्यभूमीवरून पिशव्या भरून पुस्तकं आणणाऱ्या तरुणांना आम्ही एक आठवण करून देऊ इच्छितो. अस्पृश्यता जन्मली कधी, या प्रश्नाचा छडा लावताना बाबासाहेबांनी दोन प्रवाशांना साक्षीला उभं केलं होतं.

दोघेही चिनी भिक्खू. फाहियान इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. विनयाचे ग्रंथ चीनमध्ये अपुरे होते, ते मिळवायला तो वाळवंट आणि पामीरचे डोंगर तुडवत आला आणि सिंहलद्वीपावरून समुद्रमार्गे परतला. ह्युएन त्संग ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोचला. राजाची भाटगिरी करायला यातलं कुणीच आलं नव्हतं. फाहियान तर गुप्त राजाचं नावसुद्धा लिहीत नाही.

आणि तरीही त्याच फाहियानला गुप्तांच्या 'सुवर्णयुगा'चा साक्षीदार म्हणून आपल्यासमोर आणलं जातं. आम्हीही शाळेत तेच घोकलं. लोक सुखी होते, शिक्षा सौम्य होत्या, कुणी जीवहत्या करत नसे, मद्य पीत नसे. हे त्यानं लिहिलंय, खरं आहे. पण तो तिथे थांबलेला नाही. त्याच वर्णनात तो सांगतो की या सगळ्याला अपवाद चांडाळांचा. ते वस्तीपासून वेगळे राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटतात, म्हणजे लोकांना कळावं आणि त्यांनी अंग चोरून दूर व्हावं. पुस्तक तेच, मजकूर लागूनच. अर्धा वर्गात पोचला, अर्धा गाळला गेला. हा नजरचुकीचा मामला आहे असं आम्हाला वाटत नाही.

आता बाबासाहेबांचं वाचन पाहा. १९४८ साली त्यांचं 'द अनटचेबल्स' प्रसिद्ध झालं. फाहियानचा हा उतारा हाती लागल्यावर आपल्यातला कुणीही टेबलावर मूठ आपटून म्हणाला असता, झाला पुरावा! बाबासाहेब तसं करत नाहीत. ते म्हणतात, एवढ्यानं भागत नाही. चांडाळ हे उदाहरण वेगळं आहे, त्यांच्याशी ब्राह्मणांचं वैर जुनं आहे. अशुद्ध मानणं आणि अस्पृश्य ठरवणं या दोन गोष्टी एक नाहीत. मग ते ह्युएन त्संगकडे वळतात. तिथे एकटा चांडाळ नाही. खाटीक, कोळी, खेळ करणारे, फाशी देणारे, मैला साफ करणारे अशी यादीच आहे. त्यांच्या घरांवर खूण असते, घरं नगराबाहेर असतात आणि गावात फिरताना त्यांना डाव्या कडेनं दबून चालावं लागतं. म्हणजे दोन प्रवाशांच्या मधल्या काळात काहीतरी पक्कं झालेलं आहे. मनूचा काळ, गोहत्येला गुप्त राजांनी ठरवलेली शिक्षा आणि बौद्धांविषयीचा तिरस्कार हे सगळं जोडून ते साधारण इ.स. ४०० या काळापर्यंत येतात. हा काळ कुठला? पाठ्यपुस्तकातल्या सुवर्णयुगाचाच.

या निष्कर्षावर अभ्यासकांनी वाद घातले आहेत, घालोत. आम्हाला महत्त्वाची वाटते ती पद्धत. सोयीची साक्षही उलटतपासणी केल्याशिवाय घ्यायची नाही.

प्रवासी म्हणजे देवदूत नव्हेत, हेही इथेच सांगितलं पाहिजे. अल् बेरूनीनं १०३० च्या सुमारास जातिव्यवस्था तपशिलानं लिहिली, पण त्याला माहिती देणारे बहुतेक पंडित होते. ह्युएन त्संग हर्षाचा पाहुणा होता. आपल्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचं तो नोंदवतो, तेव्हा आपली छाती फुगते. फुगू द्या. पण त्याच पुस्तकातली डाव्या कडेनं चालणारी माणसंही आपलीच आहेत, त्यांना वगळून फक्त विहार मोजत बसलो तर आपणही तीच अर्धी पानं वाचणारे ठरू.

आणखी एक उणीव या सगळ्या पुस्तकांत आहे. लाकडाचा आवाज फाहियाननं लिहिला तो ऐकणाऱ्यांच्या बाजूनं. ते लाकूड वाजवणाऱ्याला बाजार कसा दिसत होता, हे लिहिलेलं प्रवासवर्णन यायला पंधराशे वर्षं लागली. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आम्ही त्याच रांगेत ठेवतो. परदेशी वाचकाला समजावं म्हणून लिहिलेलं, छोटंसं. १९०१ साली चार मुलं साताऱ्याहून कोरेगावला वडिलांकडे निघतात. अंगावर नवे कपडे, जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर स्टेशनमास्तर प्रेमानं चौकशी करतो, जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार नाहीत. अखेर दुप्पट भाडं ठरतं, अट अशी की मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवाला बाजूनं पायी चालणार. रात्री जकात नाक्यावर मुलं मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागतात, तरी मिळत नाही. जेवणाचा डबा भरलेला होता. पाण्याविना घास उतरेना, म्हणून तो तसाच ठेवून चारही मुलं उपाशी झोपली.