'टू बी ऑर नॉट टू बी' : एका विनोदाच्या चार तारखा

सिनेमा इतिहासाचं साधन म्हणून वापरायचा, तर त्याची तारीख कुठली धरायची? संशोधनाच्या प्रस्तावात हा प्रश्न हमखास अडकवतो. कथेतला काळ, चित्रीकरणाचा काळ, प्रदर्शनाचा काळ आणि आज आपण तो पाहतो तो काळ, अशा चार तारखा असतात. त्यांची सरमिसळ झाली की विश्लेषण डळमळलंच म्हणून समजा. एर्न्स्ट लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' हे याचं माझं आवडतं उदाहरण.

कथा सुरू होते ऑगस्ट १९३९ मध्ये, वॉर्सात. जोसेफ आणि मारिया टुरा (जॅक बेनी आणि कॅरोल लोम्बार्ड) हे रंगभूमीवरचं नावाजलेलं जोडपं. दोघांचं भांडण कशावरून, तर लोकांचं लक्ष कोणाकडे जास्त जातं यावरून. मी गोष्ट सांगायला लागले की शेवट तूच करतोस, ही मारियाची तक्रार. छळछावणीच्या प्रसंगाला ती झगमगीत रेशमी गाऊन घालून येते, आणि तो किती उठून दिसेल हे सांगते! जोसेफ हॅम्लेटचं स्वगत सुरू करतो तेव्हा प्रेक्षकांतून एक तरुण वैमानिक उठून बाहेर जातो. जातो तो मारियाच्या खोलीत. जोसेफला मात्र दुःख होतं ते आपलं स्वगत कोणी टाकून गेलं याचं.

हा संसार म्हणजे युद्धकथेला लावलेली नुसती फोडणी आहे असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. हेरकथेचा सगळा सांधाच या लग्नात आहे. लंडनमध्ये तो वैमानिक प्राध्यापक सिलेत्स्कीजवळ मारियासाठी निरोप देतो, आणि सिलेत्स्कीला तिचं नावच माहीत नसतं. वॉर्साचा माणूस आणि मारिया टुरा कोण हे ठाऊक नाही? जुन्या पुण्यात वाढलेल्या माणसाने बालगंधर्व कोण असं विचारण्यासारखंच हे. तिथे संशय येतो, आणि पोलिश वैमानिकांच्या नातेवाइकांचे पत्ते घेऊन निघालेला माणूस जर्मनांचा हेर आहे हे उघड होतं. नटीची प्रसिद्धी इथे पुराव्याचं काम करते.

आता दुसरी तारीख. चित्रीकरण १९४१ च्या अखेरीचं. त्याच सप्टेंबरात हॉलिवूड युद्धाचा प्रचार करतंय या आरोपावरून अमेरिकी सिनेटच्या उपसमितीत सुनावणी झाली होती; चित्रीकरण चालू असताना ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा अमेरिका तटस्थ होती आणि संपलं तेव्हा युद्धात. लुबिच स्वतः बर्लिनचा ज्यू, माक्स राइनहार्टच्या नाटक मंडळीतून आलेला.

तिसरी तारीख, प्रदर्शन : १९४२ चा फेब्रुवारी-मार्च. मध्येच १६ जानेवारीला लोम्बार्ड विमान अपघातात गेली. युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी इंडियानाला जाऊन ती परतत होती. वय अवघं ३३. विमानात काय होणार आहे, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य मग चित्रपटातून काढलं गेलं. शोकात असलेला प्रेक्षक विनोद पाहायला आला, हे त्या वेळची परीक्षणं वाचताना विसरू नका.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदरला हा विनोद असंवेदनशील वाटला. सगळ्यांचा रोख होता एका वाक्यावर : एक नाझी अधिकारी जोसेफच्या अभिनयाबद्दल म्हणतो, की आपण पोलंडचं जे करतोय तेच त्याने शेक्सपिअरचं केलं. लुबिचने वृत्तपत्रातून उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा, की थट्टा पोलंडची नाही. थट्टा आहे नाझींची, आणि कितीही संकट आलं तरी नटच राहणाऱ्या नटांची.

इथे माझा खरा मुद्दा येतो. 'छळछावण्यांचं सत्य नंतर कळलं म्हणून आज हे विनोद टोचतात,' असं आपण सहज म्हणतो. अर्धंच खरं आहे ते. सामूहिक संहाराच्या छावण्या चित्रीकरणाच्या वेळी नुकत्याच सुरू होत होत्या. तेव्हाच्या अमेरिकी प्रेक्षकाला 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' म्हणजे दाखाउसारखा तुरुंग वाटे. म्हणून त्या शब्दावरच्या विनोदात ऑशविट्झ वाचणं हा कालविपर्यास. पण लोक १९४२ मध्येही दुखावले होतेच, ऑशविट्झ माहीत नसताना. म्हणजे सगळी अस्वस्थता नंतरच्या ज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाही. काही दुखावणं मुळातच त्या विनोदात होतं, आणि ते ठेवायचं असं लुबिचने ठरवलं होतं.

साधन बारकाईने वाचणं म्हणजे काय, यासाठी ग्रीनबर्गकडे पाहा. भाला धरून उभं राहणारा हा दुय्यम नट. शायलॉक करायला मिळावा एवढीच त्याची इच्छा. ज्यूलाही डोळे असतात असं सांगणारं शायलॉकचं ते प्रसिद्ध भाषण चित्रपटात पुन्हा पुन्हा येतं, पण त्यातला 'ज्यू' हा शब्द गाळून. अख्ख्या चित्रपटात तो शब्द कुठेच उच्चारला जात नाही. हॉलिवूडची सावधगिरी म्हणा, नाहीतर गाळलेली जागा प्रेक्षक स्वतः भरेल हा विश्वास म्हणा. मला दुसरी शक्यता जवळची वाटते. शेवटी ग्रीनबर्ग ते भाषण नकली हिटलरसमोर, खऱ्या नाझी सैनिकांच्या देखत म्हणतो. भूमिका त्याला मिळते, पण अशी. आणि त्यानंतर तो पुन्हा दिसत नाही. लंडनला पोचलेल्या मंडळींत तो नाही.