केशरंग आणि केसांची मुळे

पिकलेले केस काळे करण्याची खटपट आजकालची नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या अध्यायाचा आरंभच केशरंगाने होतो. या ग्रंथाचे सुब्रह्मण्य शास्त्री व रामकृष्ण भट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४७ च्या सुमारास बंगळूरहून प्रसिद्ध झाले.

त्यातील कृती अशी : हरीक व लोहचूर्ण लोखंडी भांड्यात आंबट द्रवात शिजवून बारीक वाटावयाचे, तो लेप केसांस लावून वर ओली पाने बांधावयाची. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप तितकाच वेळ ठेवावयाचा. आंबटात लोह विरघळते आणि आवळ्यातील तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होऊन काळा रंग बनतो. युरोपातील जुनी शाई याच न्यायाने होत असे. शेवटी लोखंडाचा वास घालविण्यास सुगंधी तेले व स्नान सांगितले आहे.

१९०९ साली ऑयजेन शुएलेर या रसायनज्ञाने पॅरिसमध्ये कृत्रिम केशरंगाची कंपनी स्थापन केली. तथापि लोह असो वा रसायन, रंग चढतो तो त्वचेबाहेर आलेल्या निर्जीव केसावर. मूळ मात्र जिवंत असते. ते महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर नवा केस बाहेर लोटते आणि भांगात पांढरी रेघ पुन्हा उमटते.

म्हणूनच बंगळूरसारख्या शहरांतील आजचे कारागीर सरसकट एकच गडद रंग देण्याऐवजी बारीक बटा निरनिराळ्या छटांत रंगवितात. जुन्या-नव्या केसांची सीमा त्यामुळे डोळ्यांत भरत नाही. वराहमिहिराला पांढरेपणा पुरता झाकावयाचा होता. या रीतीत तो थोडा दिसू दिला जातो, आणि दरमहा रंग लावण्याची यातायात वाचते.