बंदूक आणि तिचे काडतूस



नांदेड-लातूरकडे हैदराबाद मुक्तिसंग्रामाची आठवण निघाली की बंदुकीची गोष्ट निघतेच. कोणाकडे ठासणीची होती, कोणाकडे बारा बोअरची, कोणी शत्रूकडून थ्री नॉट थ्री हिसकावली, हे आपण रंगून सांगतो. पण त्या बंदुकीत काडतूस कोणते घातले होते, आणि ते तिचेच होते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज मी तोच विचारणार आहे. बंदूक ज्याच्यावर रोखलेली असते त्याचाच जीव तेवढा धोक्यात असतो, असे आपण समजतो. काडतूस परके असेल, तर दस्त्याला गाल लावून उभा असलेला माणूसही तितकाच धोक्यात असतो.

प्रारंभ आपल्या उदगीरपासूनच करू. ३ फेब्रुवारी १७६० रोजी तेथे सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला नमविले. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण त्या मोहिमेत मराठ्यांकडे होती. त्या काळची बंदूक तोंडाकडून भरावयाची. आधी दारू, मग गोळी, आणि वरून गजाने ठासणे. गोळी शिशाची, साच्यात ओतलेली. ती नळीहून मुद्दाम लहान ठेवीत. कारण काळ्या दारूची काजळी नळीत साचली की नेमक्या मापाची गोळी खाली उतरत नसे. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी पाऊण इंचाची, तर गोळी सुमारे ०.६९ इंचाची असे. गोळी सैल बसली तर नेम चुके, पण बंदूक सहसा फुटत नसे. बार दुप्पट भरला, किंवा गोळी अर्ध्या वाटेवर अडकली, तरच घात होई.

हा सैलपणा एकोणिसाव्या शतकात संपला. नळीच्या आत पेचदार खाचा आल्या, त्यांना घट्ट धरून गोळी गरगरत जाऊ लागली. १८५३ ची एनफील्ड बंदूक अशीच होती. तिचे माप ०.५७७ इंच. तिच्या काडतुसाच्या चरबीमुळे १८५७ मध्ये काय झाले ते आपण शाळेतच शिकलो. त्यानंतरची गोष्ट मात्र आपण शिकलो नाही. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी शिपायांसाठी त्याच घाटाच्या, पण ०.६५६ इंच मापाच्या, खाचा नसलेल्या बंदुका काढल्या. दिसायला बंदूक तीच, पण गोऱ्या शिपायाची गोळी हिंदी शिपायाच्या नळीत निरुपयोगी आणि नेमही तोकडा. माप हे राज्य करण्याचे साधन झाले ते येथून.

पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. १८८८ पासून फौजेत ०.३०३ इंचाचे, पितळी कोठीचे काडतूस रूढ झाले. हे लष्करी माप खाजगी माणसाला बंद झाले, म्हणून शिकाऱ्यांसाठी ०.३१५ ची निराळी रायफल आली. ईशापूरच्या कारखान्यात तर ०.३०३ च्याच रायफलीची नळी आतून पोखरून, खाचा काढून, पोलिसांसाठी एकबारी ०.४१० ची मस्केट तयार होई. हेतू उघड होता: कोणी फौजेची काडतुसे पळविली तर ती पोलिसांच्या बंदुकीत चालू नयेत, आणि पोलिसांची बंदूक पळविली तर फौजेच्या काडतुसांचा तिला उपयोग होऊ नये. स्वातंत्र्यानंतरही, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली, ‘निषिद्ध बोअर’ हा भेद राहिलाच.

आता १९४८ साल डोळ्यांपुढे आणा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. उमरखेड छावणीच्या सैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पलीकडे रझाकारांची संख्या दोन लाख सांगितली जाते. त्यांतल्या पाऊण भागाजवळ ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच होत्या, असा अंदाज आहे. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री कराचीहून उडून, आपल्या उदगीरपासून जवळच असलेल्या बिदरला निजामासाठी शस्त्रे उतरवीत होता. एकाच मुलखात सैल गोळीचे शतक आणि घट्ट काडतुसाचे शतक शेजारी शेजारी नांदत होते.

अशा मिश्र ढिगातून जो हत्यार उचलतो, त्याला कोणते धोके असतात?

पहिला बारा बोअरचा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एका गोळीएवढी ज्या नळीची रुंदी, ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या की गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. आकडा वाढतो आणि माप घटते. नवखा माणूस येथेच फसतो. वीसचे काडतूस बाराच्या बंदुकीत घातले तर ते पुढे घसरून नळीत अडकते. चाप ओढला, बार झाला नाही. माणूस बंदूक उघडतो, घर रिकामे पाहतो, त्याला वाटते काडतूस भरावयाचेच राहिले. तो बाराचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते ती त्याच्या डाव्या हाताजवळ.

दुसरा धोका दारूचा. ठासणीच्या बंदुकीचे लोखंड काळ्या दारूच्या बेताचे असते. काडतुसातली बिनधुराची दारू काढून तेवढ्याच मापाने तिच्यात ठासली, तर नळीच्या चिंध्या होतात.

तिसरा रायफलीचा. ०.३०३ चा बार उडतो तेव्हा आत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब असतो. तो कोंडून धरण्याचे काम पितळी कोठी करते, आणि तिला आधार लागतो तो मागच्या घराच्या भिंतींचा. घर मोठे पडले तर कोठी फाटते व तापलेला वायू मागे, डोळ्यांकडे येतो. उलट नळी अरुंद आणि गोळी जाड असली तर दाब आवाक्याबाहेर चढतो. म्हणून ‘बसले म्हणजे चालेल’ हा समज घातक आहे. एखादे काडतूस आत बसणे आणि ते त्या बंदुकीचे असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ पासून १७ तारखेपर्यंत, भारतीय फौजेने हा प्रश्न निकालात काढला. त्या विजयाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. त्यांत हेही एक धरावे, की त्या फौजेतल्या शिपायाला आपल्या रायफलीचे काडतूस शेजाऱ्याच्या पट्ट्यातून बिनदिक्कत घेता येत होते. ढिगाला फौज बनविते ते हे सारखेपण.

आणि ज्यांच्याजवळ हे सारखेपण नव्हते, तरीही जे उभे राहिले, त्यांच्या धैर्याचा हिशेब करताना आपण ही दुसरी जोखीमही मोजली पाहिजे. समोरच्या बंदुकीची भीती सर्वांनाच असते. आपल्याच हातातल्या बंदुकीचा भरवसा नसताना चाप ओढणे हे निराळे धैर्य आहे.

जाता जाता एवढेच. जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादी बंदूक किंवा हिरवट पडलेली काडतुसे आढळली, तर ‘पाहू चालते का’ असे कोणी म्हणू नये. बंदुकीच्या नळीवर आणि काडतुसाच्या बुडावर ठसा असतो. तो वाचणे जाणत्याचे काम. शिवाय ठसा जुळला, तरी जुन्या दारूचा आणि गंजलेल्या नळीचा भरवसा नाही. अशी वस्तू हलवू नये, पोलीस ठाण्याला कळवावे. आजोबांची बंदूक हा इतिहास आहे, आणि तो उडवून पाहावयाचा नसतो.